सायकलवाल्याला रस्त्यावरून हाकलणारे कोण?

मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात २०११ च्या सुमारास एमएमआरडीएने सायकल मार्ग बांधला. २०२५ मध्ये त्याच एमएमआरडीएने तो काढून तिथे गाड्यांसाठी वाढीव मार्गिका करायचे ठरवले. या कामाला सुमारे २५ कोटी रुपये लागणार, अशा बातम्या आल्या. जनतेच्या पैशाने बांधायचे आणि जनतेच्याच पैशाने उखडायचे. मुंबईतल्या सायकलस्वारांनी आणि वाहतुकीच्या अभ्यासकांनी याला विरोध केला. माझे म्हणणे असे की हा विरोध चंद्रपूर-गडचिरोलीतूनही व्हायला हवा, आणि आपल्या मोहल्ल्यांतून तर जरा जास्तच जोरात.

काही जण म्हणतील, "सर, मुंबईच्या काचेच्या इमारतींशी आपला काय संबंध?" संबंध आहे. रस्त्याचे शहाणपण आपल्याकडे वरून खाली येते. मुंबईत जे 'विकास' म्हणून खपते, ते दोन-चार वर्षांत नागपूरला येते आणि मग चंद्रपूरला. सायकलला रस्त्यावर जागा देणे म्हणजे जागा वाया घालवणे, हे एकदा मुंबईने ठरवले की आपल्या जिल्ह्यात ती जागा मागायची तरी कुणाकडे?

मार्ग काढण्याचे कारण नेहमी एकच सांगितले जाते: कुणी वापरत नाही. आता बघा, त्या मार्गावर गाड्या उभ्या राहत होत्या, याच्या तक्रारी वर्षानुवर्षे झाल्या. संकुलाच्या आत मार्ग, पण कुर्ला किंवा धारावीहून तिथवर सायकलने सुखरूप पोहोचायची सोय नाही. शाळेला छप्पर घालायचे नाही, वर्गात गुरे बांधू द्यायची आणि मग पटसंख्या कमी म्हणून शाळा बंद करायची, असा हा न्याय आहे. आम्हा मास्तरांना तो चांगला ओळखीचा आहे.

"सायकल आता चालवतो कोण?" हा दुसरा प्रश्न. २०११ च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर काम करणाऱ्यांना विचारले होते की कामावर कसे जाता. सुमारे १३ टक्के सायकलने जात होते, २२ टक्क्यांहून जास्त पायी. कार-जीपने जाणारे ३ टक्क्यांहूनही कमी. त्यानंतर मोटारसायकली आणि गाड्या वाढल्या, हे खरे. पण ज्याच्याकडे पेट्रोलचे पैसे नाहीत, तो काही नाहीसा झालेला नाही. तो रात्रपाळीचा चौकीदार आहे, कोळसा खाणीवरचा ठेकेदारी मजूर आहे, कॅरियरला पोते बांधून बाजाराला निघालेला माणूस आहे. त्याला संघटना नाही, निवेदन कसे लिहायचे ते माहीत नाही. म्हणून तो 'कुणी नाही' ठरतो.

आमच्याकडे तर सरकार स्वतःच सायकली वाटते. मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरपर्यंत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकलसाठी पैसे मिळतात. २०२२ मध्ये ही रक्कम साडेतीन हजारांवरून पाच हजार झाली. योजना उत्तम आहे. बिहारमध्ये २००६ पासून अशीच योजना चालली आणि नववीत येणाऱ्या मुलींची संख्या ठळकपणे वाढली, हे अभ्यासांतून दिसले आहे. उर्दू शाळा तर प्रत्येक गावात नसते. आपल्या मुलींसाठी शाळा दूर म्हणजे बहुतेक वेळा शाळा बंद. पण सायकल दिली आणि ती चालवायची कुठे? चंद्रपूरकडे कोळशाचे ट्रक, एटापल्ली-आलापल्ली-आष्टीच्या बाजूला सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक. डांबर संपते तिथे खड्डा, खड्ड्यापलीकडे झुडूप, आणि जंगलपट्ट्यात त्या झुडपात काय असेल याची धास्ती. ऑगस्ट २०२५ मध्ये आरमोरी-गडचिरोली महामार्गावर काटली गावाजवळ रस्त्याकडेला व्यायाम करणाऱ्या मुलांना ट्रकने चिरडले. चार मुले गेली. सायकलने जाणाऱ्या मुलीलाही रस्त्याची तीच कडा वाट्याला येते.

मोहल्ल्याच्या काळजाला लागणारी एक गोष्टही बोलू. 'पंक्चरवाला' हा शब्द आज आपल्याला शिवी म्हणून फेकून मारला जातो. मला त्या शब्दाची लाज वाटत नाही. लोकांना कामावर आणि शाळेत वेळेवर पोहोचवणारा तो कारागीर आहे. त्याचे दुकान ज्या सायकलवर चालते तिला रस्त्यावरून घालवायचे, आणि मग मागासलेला म्हणून त्यालाच हसायचे, हे चालणार नाही. रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणे हा ईमानाचा भाग आहे, हे आपण मकतबमध्ये शिकलो. इथे तर गरीब माणसालाच रस्त्यातली अडचण समजून बाजूला केले जात आहे.

कोंडी खरी आहे, हे मी मान्य करतो. वांद्रे-कुर्ला संकुलात संध्याकाळी गाडी हलत नाही. पण रस्ता रुंद केला की आणखी गाड्या येतात आणि काही वर्षांत कोंडी परत तिथेच, हा जगभरातल्या शहरांचा अनुभव आहे. २००६ चे राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणही हेच सांगते की रस्ता वाहनांसाठी नसून माणसांसाठी आहे. कॅनडात ओंटारियो सरकारने टोरांटोतले सायकल मार्ग काढायचा कायदा केला, लोक कोर्टात गेले. जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने ठरवले की मार्ग काढल्याने सायकलस्वारांच्या जिवाला धोका वाढतो आणि कोंडी कमी होईल याचा पुरावा नाही, म्हणून हे राज्यघटनेच्या विरोधात आहे. सरकार अपिलात गेले, पण मुद्दा नोंदला गेला: ही चर्चा सोयीची नाही, जिवाची आहे. जगण्याचा हक्क आपल्या संविधानाच्या कलम २१ मध्येही आहे.

तेव्हा मागायचे काय? रस्ता रुंद करण्याआधी त्यावरून किती माणसे सायकलने आणि पायी जातात ते मोजा. मोजल्याशिवाय 'कुणी नाही' म्हणू नका. शाळेच्या पाच किलोमीटरच्या आतल्या प्रत्येक मोठ्या रस्त्याला सायकलपुरती पक्की, वेगळी कड द्या. शाळा भरण्याच्या आणि सुटण्याच्या वेळी त्या रस्त्यांवरचे खनिजाचे ट्रक थांबवा. आणि बांधलेला सायकल मार्ग ओस पडला असेल, तर उखडण्याआधी त्यावर उभी असलेली गाडी उचला.

हे ग्रामसभेत मांडता येते, नगरपालिकेत आणि जिल्हाधिकाऱ्यांना लेखी देता येते. अर्ज लिहिता येत नसेल, तर मोहल्ल्यातल्या मास्तरकडे जा. आम्ही लिहून देऊ, मराठीतही आणि उर्दूतही.