नकार आणि घरातलं माणूस



संपादकीयात कॉमिक्सबद्दल लिहायचं म्हणजे काहींच्या भुवया उंचावतील. पण मध्यंतरी युवती शिबिरात ‘एकतर्फी प्रेम’ या विषयावर गटचर्चा चालू असताना एक मुलगी म्हणाली, “ताई, तो माझ्या मागे लागतो हे त्याच्या घरी सगळ्यांना माहीत आहे. पण त्याला कुणीच काही बोलत नाही.” तिचं बोलणं ऐकताना मला ‘द सँडमॅन’ या इंग्रजी कॉमिक्सचा एकविसावा अंक आठवला. त्यात ‘घरातलं कुणीतरी बोलतं’, एवढीच काय ती घटना आहे.

नील गेमन यांनी लिहिलेली ही मालिका अमेरिकेतल्या डीसी कॉमिक्सने १९८९ ते १९९६ या काळात ७५ अंकांत काढली. नेटफ्लिक्सवर २०२२ आणि २०२५ मध्ये ती पडद्यावरही आली. कथेच्या मध्यभागी देवांहूनही जुनी अशी सात भावंडं आहेत. इंग्रजीत सगळ्यांची नावं एकाच अक्षराने सुरू होतात. आपण त्यांना नियती, मृत्यू, स्वप्न, विनाश, वासना, निराशा आणि भ्रम म्हणू. या मालिकेत मृत्यू ही भयंकर देवता नाही. ती हसरी, समजूतदार थोरली बहीण आहे. कथेचा नायक आहे तिचा धाकटा भाऊ, स्वप्न.

१९९० सालच्या या अंकात सर्वांत थोरला नियती भावंडांना आपल्या घरी बोलावतो. विनाश केव्हाच घर सोडून गेलेला. बाकीचे सहा जण जमतात आणि कुठल्याही घरच्या पंगतीला होतं तेच होतं, जुनी उणीदुणी निघतात. वासना हे ना स्त्री ना पुरुष असं भावंड. ते स्वप्नाला त्याच्या गमावलेल्या प्रेमावरून, नादावरून, डिवचतं.

ही नादा कोण? नवव्या अंकात तिची गोष्ट आहे. आफ्रिकेतल्या काचेच्या नगरीची ती राणी. तिचं स्वप्नावर प्रेम बसलं. पण मर्त्य बाईने अमर्त्यावर प्रेम करणं म्हणजे अनर्थ, हे तिला कळत होतं, आणि झालंही तसंच. तिची नगरी जळून गेली. तिने जीव दिला. मरणाच्या दारातही तो विचारायला आला आणि ती ‘नाही’ म्हणाली. त्याने तिला नरकात टाकलं. दहा हजार वर्षं ती तिथेच आहे. चौथ्या अंकात तो तिच्या कोठडीवरून जातो. ‘अजून प्रेम आहे का?’ असं ती विचारते. तो सांगतो, प्रेम आहे, पण क्षमा केलेली नाही.

समुपदेशन केंद्रात बसणाऱ्या आपल्यापैकी कुणालाही हे बोलणं नवं नाही. “त्याचं खरंच प्रेम आहे हो तिच्यावर,” असं मुलाची आई काकुळतीला येऊन सांगते, तेव्हा समोरची मुलगी चार महिने कॉलेजला गेलेली नसते. प्रेम आहे म्हटलं की शिक्षा करण्याचा हक्क आपोआप मिळतो, असंच आपल्याकडे धरून चालतात. हा अंक निघाला त्याच वर्षी, मार्च १९९० मध्ये, उल्हासनगरात दहावीच्या परीक्षा केंद्रात एका विद्यार्थिनीला जाळून मारण्यात आलं. तीस वर्षांनी, फेब्रुवारी २०२० मध्ये, हिंगणघाटात कॉलेजवर शिकवायला निघालेली तरुण प्राध्यापिका भर रस्त्यात जाळली गेली.

पंगतीतून स्वप्न चिडून उठतो. मृत्यू त्याच्या मागोमाग जाते. बहीण आपली बाजू घेईल अशी त्याची अपेक्षा असते. ती मात्र त्याला स्पष्ट सुनावते: केवळ नकार दिला म्हणून तू तिला नरकात डांबलंस, हे तू फार वाईट केलंस. जे वासनेच्या टोमण्यांनी झालं नाही, ते तिच्या सरळ शब्दांनी होतं. तो हादरतो आणि नादाला सोडवायला निघतो.

पाठलाग करणं २०१३ च्या दुरुस्तीने आपल्याकडे स्वतंत्र गुन्हा ठरलं. आज ते भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली येतं. हा कायदा चळवळीने झगडून मिळवला आहे, तो वापरायलाच हवा. पण पोलीस चौकीची पायरी चढण्याआधी एक जागा असते, ती म्हणजे त्या मुलाचं घर. तिथली बहीण, आई, थोरला भाऊ गप्प बसतात. पोरगं दुखावलंय, अजून दुखवायला नको, म्हणून! त्या गप्प बसण्याची किंमत दुसऱ्या घरातली मुलगी मोजते.

अंकात खटकणारंही आहे. पंगतीत नादा नाही. तिच्या दुःखाची चर्चा तिच्यामागे, त्याच्या घरच्यांत होते. आणि शहाण्या बहिणीलाही तोंड उघडायला दहा हजार वर्षं लागतात.

लेखकाबद्दलही बोलायला हवं. २०२४ पासून अनेक स्त्रियांनी गेमन यांच्यावर लैंगिक अत्याचाराचे जाहीर आरोप केले आहेत. संमतीविना आपण कधीही काही केलेलं नाही, असं त्यांनी जानेवारी २०२५ मध्ये म्हटलं आहे. मग त्यांचं लेखन वाचावं की नाही? प्रत्येकीने आपलं ठरवावं. मी वाचते, पण पूर्वीसारखं निर्धास्तपणे नाही. नादाची गोष्ट सांगणारा नववा अंक संपतो तो एका कबुलीने: ही पुरुषांनी सांगितलेली गोष्ट आहे, बायका तीच गोष्ट आपसांत वेगळी सांगतात. जात्यावर बसून बायकांनी जे एकमेकींना सांगितलं, ते ज्यांच्या कानी पडलंय त्यांना हे समजावून सांगायला नको. बायकांकडची गोष्ट ऐकून घ्या, हे लेखकाच्या बाबतीतही लागू आहे.

पुढच्या भागांत स्वप्न नादाची माफी मागतो. पहिली माफी इतकी तोऱ्यातली की ती त्याच्या थोबाडीत देते. मग तो नीट माफी मागतो, ‘माझी राणी हो’ असं पुन्हा विचारतो आणि ती पुन्हा नकार देते. या वेळी मात्र तो नकार ऐकतो. शिक्षा नाही, सूड नाही. ती आपल्या वाटेने नव्या जन्माला जाते.

‘नाही’ ऐकून घेणं शिकवता येतं, एवढंच मला यातून घ्यावंसं वाटतं. शिकवायला थोरल्या बहिणीचा एक खणखणीत शब्द पुरतो, पण तो वेळेवर हवा. तुमच्या घरात असा शब्द कुणी, कधी उच्चारला? की उच्चारायचा राहून गेला? जरूर कळवा. पुढच्या अंकात तुमची पत्रं छापू.

– संपादक