मोरपंखी भिंत

रंगाच्या तक्त्यावर बोटभर दिसणारा गडद मोरपंखी तुकडा भिंतीवर चढला की कितीतरी अधिक गडद भासतो. पांढरी भिंत अंगावरील सुमारे ८० टक्के प्रकाश परत देते. हा रंग जेमतेम १० टक्के. म्हणून चारही भिंतींना तो देण्याचा मोह दिवाणखान्यापुरताही आवरावा. एकच भिंत पुरे, तीही खिडकीसमोरची.

पूर्वी चुन्याच्या भिंतीवर असा रंग टिकणे कठीण होते. प्रशियन निळा चुन्यातील क्षाराने विटून जाई. १९३५च्या सुमारास तांब्यापासून बनणारे थॅलोसायनिन निळे बाजारात आले, मागोमाग त्याचे हिरवे भावंड आले, आणि क्षाराला दाद न देणारी निळी-हिरवी छटा साध्या घरांच्याही आवाक्यात आली.

मात्र ओल असलेल्या भिंतीवर हा रंग देणे म्हणजे पैसा पाण्यात घालणे. लोणा फुटला की पांढरे डाग या पार्श्वभूमीवर दुरूनही डोळ्यांत भरतात. आधी गळती थांबवावी, मगच रंगाऱ्याला बोलवावे. दोन फूट चौरस नमुना रंगवून तो सकाळी व रात्री पाहावा. पिवळ्या दिव्याखाली तो हिरवट, पांढऱ्याशुभ्र दिव्याखाली निळसर दिसतो.

सागवानी झोपाळा आणि पितळेची समई यांना ही भिंत फार खुलवते. वृद्धांच्या वावराच्या बोळात आणि जिन्यात मात्र ती नको. तिथला उजेड आधीच अपुरा असतो, आणि पायरीची कड दिसली नाही तर तोल जायला क्षण पुरतो.