बिल भरले म्हणजे ऋण फिटले काय?

‘वीज आमच्या पैशाची, बिल आम्ही वेळेवर भरतो, मग रिकाम्या खोलीत दिवा जळत राहिला तर बिघडले कुठे?’ सुशिक्षित मध्यमवर्गीय घरांतून हा प्रश्न हल्ली मोठ्या आत्मविश्वासाने विचारला जातो. या प्रश्नात व्यवहार आहे. विवेक मात्र नाही.

महाराष्ट्राच्या विजेचा मोठा वाटा आजही कोळशातून येतो. एका युनिटसाठी सुमारे 700 ग्रॅम कोळसा जाळावा लागतो आणि देशी कोळशातील राखेचे प्रमाण पाहता त्यातून 200 ग्रॅमहून अधिक राख उरते. ही राख मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यात पडत नाही. ती सोसावी लागते चंद्रपूरसारख्या शहराला, जेथे महानिर्मितीचे 2,920 मेगावॉटचे महाकाय औष्णिक केंद्र धगधगत असते. बिलात विजेची किंमत असते. चंद्रपूरकरांच्या श्वासाची नसते.

2005 नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत ग्रामीण महाराष्ट्राने बारा-बारा तास अंधार सोसला. तेव्हा शहरी घरेही विजेचा हिशेब ठेवू लागली होती. टंचाई सरली आणि हिशेबही सुटला. काटकसर हे दारिद्र्याचे लक्षण आणि उधळपट्टी ही प्रतिष्ठेची खूण ठरली. वातानुकूलन यंत्र 18 अंशांवर लावायचे आणि अंगावर रजई ओढून झोपायचे, याला सुबत्ता म्हणावे की बुद्धिदारिद्र्य? यंत्राचे तापमान एक अंशाने वाढवले तर सुमारे 6 टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगत आला आहे.

साधा पंखा घ्या. जुना 75 वॅटचा पंखा दिवसाला 12 तास फिरला की महिन्याला 27 युनिट खर्ची पडतात; 30 वॅटच्या नव्या पंख्याला 11 युनिट पुरतात. म्हणजे एका पंख्यामागे महिन्याला सुमारे 11 किलो कोळसा वाचतो. यात त्याग कोणता? वारा तर तेवढाच मिळतो. डाळ-तांदूळ आधी भिजवणे, भांड्यावर झाकण ठेवणे, कुकरचा वापर करणे, हे आजीला सांगावे लागत नव्हते. देशात वापरल्या जाणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसपैकी निम्म्याहून अधिक गॅस परदेशातून येतो. स्वदेशीवर व्याख्यान ऐकून घरी परतणाऱ्याने शेगडीची ज्योत भांड्याबाहेर पसरते आहे काय, हेही एकदा पाहावे.

कचऱ्याची कथा याहून लाजिरवाणी आहे. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या माथी मारला गेला. तेथील विहिरी नासल्या, तेव्हा ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. शहराने नाक मुरडले. पण ओला कचरा वेगळा करण्याचे कष्ट किती घरांनी घेतले? वर्गीकरणाचा नियम 2016 सालीच झाला आहे. भाजीची देठे आणि खरकटे कुंडीत खत होऊ शकते. पुण्याच्याच ‘आरती’ संस्थेने स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्यावर चालणारे छोटे बायोगॅस संयंत्र विकसित केले आणि 2006 साली त्याला ॲश्डेन पुरस्कार मिळाला. जगाने ज्याची दखल घेतली, त्याची दखल घरच्या ओट्यापर्यंत का पोहोचू नये? बोहारणीला जुने कपडे देऊन भांडे घेणारा, रद्दी बांधून ठेवणारा, ताटात अन्न टाकणे पाप मानणारा समाज एका पिढीत ‘वापरा आणि फेका’चा उपासक झाला, हे अधःपतनच होय.

‘एका घराने काय होणार? मोठी उधळपट्टी तर कारखाने आणि सरकारी कार्यालये करतात,’ हा नेहमीचा बचाव. कारखान्यांना आणि कार्यालयांना जाब विचारलाच पाहिजे. पण दुसऱ्याचे पाप हे आपल्या आळसाचे समर्थन होऊ शकत नाही. 2015 साली सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेतून 36 कोटींहून अधिक एलईडी दिवे देशभर पोहोचले. ते बसवले कोणी? एकेका घरानेच.

पुढच्या महिन्याचे बिल हाती येईल तेव्हा रुपयांच्या आकड्याआधी युनिटांचा आकडा वाचावा. त्याला 700 ग्रॅमने गुणावे. जो ढिगारा डोळ्यांसमोर उभा राहील, ते त्या घराचे खरे देणे आहे. पैसे भरून ते फिटत नाही. बटण बंद केल्याने मात्र थोडे हलके होते.