गाडीच्या पोटाकडे कोण पाहणार?

पावसाळा तोंडावर आला की नवी मुंबईतल्या गॅरेजांत ‘अँटी-रस्ट कोटिंग’ची चौकशी सुरू होते. बोनकोडे गावठाणात जागेची टंचाई एवढी, की अनेक गाड्या बारा महिने रस्त्याच्या कडेला उघड्यावरच उभ्या असतात. पश्चिमेला ठाण्याची खाडी, पूर्वेला एमआयडीसीचा पट्टा आणि वर चार महिने पाऊस. अशा ठिकाणी गाडी खालून सडेल ही भीती रास्तच आहे. पण खालून काळा थर मारला की काम झाले, ही समजूत मात्र चुकीची आहे.

लोखंड गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. पाण्यात मीठ असले की त्यातून विद्युतभार सहज वाहतो आणि गंजण्याचा वेग वाढतो. खाडीकाठच्या हवेत उसळत्या समुद्रकिनाऱ्याएवढे क्षार नसतात, हे खरे. पण भरतीच्या वेळी पाऊस कोसळून रस्ते तुंबले आणि त्या पाण्यात खाडीचे पाणी मिसळले, तर क्षार थेट गाडीच्या पोटाला लागतात. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असते. हवेतील आर्द्रता साधारण ३३ टक्क्यांवर गेली, की ते हवेतले बाष्प शोषून ओले होते. कोकणपट्टीत हवा याहून कोरडी क्वचितच होते. म्हणून मडगार्डच्या आत साचलेला चिखल वरून वाळलेला दिसला, तरी आत पत्रा ओलाच राहतो. पाऊस थांबला तरी गंजणे थांबत नाही, ते यामुळे.

आजच्या मोटारींचा सांगाडा कारखान्यातच रंगाच्या टाकीत बुडवतात आणि विजेच्या साहाय्याने त्यावर गंजरोधक थर चढवतात. हा थर चांगला असतो. तो फुटतो ते खडी उडून लागते तिथे, पत्र्याच्या जोडांवर आणि गाडी घासलेल्या जागी. तेवढ्या जागा साफ करून झाकायला हव्यात. प्रत्यक्षात अनेकदा गाडी घाईघाईने धुतली जाते आणि ओल्या, गंजलेल्या पत्र्यावरच रबरी लेप मारला जातो. मग ओल आत कोंडते. वरून काळेभोर आणि गुळगुळीत दिसणारे पोट आतून पोखरत जाते. दरवाजांच्या आणि चासिसच्या तळाशी पाणी निथळण्यासाठी ठेवलेली भोके लेपाने बुजली, तर नुकसान दुप्पट.

त्यापेक्षा स्वस्त उपाय आपल्या हाती आहेत. पावसाळ्यात महिन्यातून एकदा आणि तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढल्यावर लगेच, वॉशिंग सेंटरच्या रॅम्पवर चढवून ती खालून गोड्या पाण्याने धुवावी. निथळणारी भोके मोकळी ठेवावीत. गाडी ताडपत्रीत ओली गुंडाळू नये. लेप करायचाच असेल तर कोरड्या दिवसांत, गंज घासून काढून, पत्रा पूर्ण वाळल्यावर करावा. सायलेन्सर आणि ब्रेकचे भाग त्यातून वगळावेत. जुनी गाडी घेताना खाली नवाकोरा काळा लेप दिसला तर खूश होऊ नये, हातोडीच्या दांड्याने हलके ठोकून पाहावे.

हा केवळ मालकाच्या खिशाचा प्रश्न असता, तर एवढ्यावर थांबता आले असते. पण ब्रेकचे तेल वाहून नेणाऱ्या पोलादी नळ्याही गाडीच्या पोटाखालूनच जातात. गंजलेली नळी जोरात ब्रेक दाबल्यावर फुटू शकते, म्हणजे नेमकी गरजेच्या क्षणी. तेव्हा समोर कोणीही असू शकते.

आपल्याकडे धुराची तपासणी वरचेवर होते. प्रवासी आणि मालवाहू वाहनांना पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावे लागते. खासगी मोटारीची नोंदणी मात्र १५ वर्षे चालते आणि ती संपेपर्यंत तिच्या पोटाखाली डोकावण्याची सक्ती कोणावरच नाही. ब्रिटनमध्ये तीन वर्षांहून जुन्या बहुतेक मोटारींची दरवर्षी तपासणी होते. ब्रेक, स्टीअरिंग, सस्पेन्शन आणि सीटबेल्ट जिथे जोडलेले असतात, त्यापासून ३० सेंटिमीटरच्या आत सांगाडा गंजून कमकुवत झाला असेल, तर गाडी नापास होते.

आणखी एक तपासणी म्हणजे आणखी एक रांग आणि आणखी एक एजंट, ही तक्रार खरी आहे. म्हणून ती दरवर्षी नको. किनारपट्टीच्या जिल्ह्यांत पाचव्या आणि दहाव्या वर्षी गाडी रॅम्पवर चढवून सांगाडा आणि ब्रेकच्या नळ्या पाहाव्यात आणि त्याची नोंद गाडीच्या कागदपत्रांत व्हावी. जुनी गाडी घेणाऱ्यालाही ती नोंद उपयोगी पडेल. गाडी सोडते तो धूर सगळ्यांना दिसतो, म्हणून त्यासाठी कायदा झाला. खालचा गंज दिसत नाही, म्हणून तो अपघाताची वाट पाहत राहतो.