लघुपटांची शिफारस कोणीं करावी ?

पुस्तक विकत घेण्यापूर्वीं त्याचें परीक्षण वाचणारा, नाटकास जाण्यापूर्वीं चार जाणत्यांस विचारणारा आणि मुलाच्या हातीं मासिक देण्यापूर्वीं तें स्वतः चाळून पाहणारा आमचा सुशिक्षित गृहस्थ एका बाबतींत मात्र विलक्षण भोळा झाला आहे. रात्रीं जेवणें आटोपल्यावर मोबाइल हातीं घेऊन काय पाहावें, हें तो स्वतः ठरवीत नाहीं. एक यंत्र ठरवितें. आणि यंत्रानें पुढें केलेलें पाहून झालें, म्हणजे 'हल्लीं पाहण्यासारखें कांहीं निघतच नाहीं' असा शेरा मारावयास तोच मोकळा ! हा शेरा खोटा आहे. आणि तो खोटा आहे हें चारचौघांस दाखविण्याचें काम सुशिक्षितांचेंच आहे.

पाहण्यासारखें खरोखरच निघत नाहीं काय ? उमेश कुलकर्णी यांचा 'गिरणी' (२००४), नागराज मंजुळे यांचे 'पिस्तुल्या' आणि 'पावसाचा निबंध' (२०१७) हे लघुपट मराठींतच झाले, आणि त्यांस राष्ट्रीय पुरस्कारही मिळाले. १९४८ सालीं स्थापन झालेली आणि २०२२ सालीं राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळांत विलीन झालेली फिल्म्स डिव्हिजन ही संस्था लघुपटांचें मोठें भांडार मागें ठेवून गेली. त्यांतील कितीतरी चित्रें आज घरबसल्या फुकट दिसतात. कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळानें तर २००९ पासून आपले शेंकडों चित्रपट इंटरनेटवर विनामूल्य खुले केले. तेव्हां उणीव मालाची नाहीं. उणीव आहे ती बोट धरून तेथवर नेणाऱ्या माणसाची.

यूट्यूब सुरू झालें २००५ सालीं. प्रारंभीं कोणतें चित्र किती वेळां उघडलें गेलें, यास तेथें महत्त्व असे. २०१२ सालीं ही कसोटी बदलली, आणि प्रेक्षक किती मिनिटें खिळून राहिला, याचें माप घेण्यांत येऊं लागलें. पुढें २०१८ सालीं त्या कंपनीच्याच एका वरिष्ठ अधिकाऱ्यानें जाहीरपणें सांगितलें कीं, लोक तेथें जितका वेळ पाहण्यांत घालवितात, त्यांतील शेंकडा ७० हून अधिक वेळ यंत्रानें सुचविलेल्या गोष्टींवर जातो. म्हणजे दहांपैकीं सात घास दुसऱ्यानें भरविलेले ! यंत्रास आम्हीं दोष देत नाहीं. गिऱ्हाइकास दुकानांत थांबवून ठेवणें हा दुकानदाराचा धर्मच आहे. परंतु दुकानदाराच्या फायद्यास आपली अभिरुचि समजणें हा आपला धर्म नव्हे.

लघुपटास तर ही कसोटी विशेषच घातक आहे. चांगला लघुपट दहा-पंधरा मिनिटांत संपतो. पण प्रेक्षकाच्या मनांत त्याचें खरें काम तो संपल्यावर सुरू होतें. शेवटच्या दृश्यानंतर माणूस क्षणभर गप्प बसतो, मोबाइल खालीं ठेवितो, शेजारच्याशीं दोन शब्द बोलतो. यंत्राच्या हिशेबीं हा निव्वळ तोटा ! म्हणून पडदा काळा होतो न होतो तोंच तें आपण होऊन पुढचें चित्र सुरू करितें. आणि ज्या मौनाच्या क्षणासाठीं दिग्दर्शकानें महिनोन् महिने खपून तीं पंधरा मिनिटें रचलीं, तोच क्षण हिरावला जातो.

यावर कांहीं लोकांचा आक्षेप असा कीं, लाखों लोकांनीं जें पाहिलें तेंच चांगलें मानणें हा लोकशाहीचा न्याय आहे. खानावळींत रोज बटाट्याचीच भाजी वाढावी, आणि लोकांनीं ती खाल्ली म्हणून लोकांस बटाटाच प्रिय आहे असा सिद्धान्त काढावा, त्यांतलाच हा प्रकार. शिवाय जें वर येतें, त्याच्या मागें पुष्कळदां पैसा असतो. सुजॉय घोष यांचा 'अहल्या' (२०१५) हा कुशल लघुपट एका मद्याच्या नाममुद्रेखालीं लोकांपुढें आला. कलावंतानें आश्रय घेतला याचा आम्हांस विषाद नाहीं. पण ज्या चित्रास असा आश्रय नाहीं, त्याच्या बाजूनें बोलणारें कोणी असावें कीं नाहीं?

दुसरा आक्षेप असा कीं, आवडनिवड ही ज्याची त्याची खाजगी बाब. दुसऱ्यास सांगणारे आपण कोण? या आक्षेपास आमच्या चित्रपटाच्या इतिहासानेंच उत्तर दिलें आहे. १९१२ सालीं दादासाहेब फाळके यांनीं वाटाण्याच्या रोपाची वाढ दाखविणारें एक छोटें चित्र घेतलें आणि तें भांडवल देऊं शकणाऱ्या माणसांस दाखविलें. तें पाहून विश्वास ठेवणारा माणूस भेटला, आणि १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. पुढें १९६८ सालीं मुंबईंत प्रभात चित्र मंडळ स्थापन झालें. अशा मंडळांत चित्र कोणीतरी जाणत्यानें निवडावें, तें सर्वांनीं मिळून पाहावें आणि मग त्यावर वाद घालावा, अशी रीत. निवडणाऱ्यास आपल्या निवडीचा जाब देतां येई. यंत्रास जाब कोण विचारणार ?

आतां आमचे सुशिक्षित काय करितात तें पाहा. व्हॉट्सॲपवर आलेली लिंक 'अवश्य पाहा' एवढें लिहून, पुष्कळदां स्वतः न पाहतांच, पन्नास जणांकडे ढकलितात. ही शिफारस नव्हे. दारांत आलेला केर शेजाऱ्याच्या दारांत लोटणें आहे. शिफारशीचे नियम कांहीं अवघड नाहींत. चित्र स्वतः शेवटपर्यंत पाहिलेलें असावें. दिग्दर्शकाचें नांव, साल, भाषा आणि लांबी सांगावी. त्यांत काय साधलें आहे हें दोन वाक्यांत लिहावें, पण कथा फोडूं नये. उणें असेल तें लपवूं नये. आणि कोणास पाठवावयाचें याचा विचार करावा.

मासल्यादाखल दोन शिफारशी येथेंच करितों. एस. एन. एस. शास्त्री यांचा 'आय ॲम ट्वेंटी' (१९६७) सुमारें वीस मिनिटांचा आहे. १९४७ सालीं जन्मलेलीं मुलें-मुली विसाव्या वर्षीं देशाविषयीं काय बोलतात, हा त्याचा विषय. चित्र सरकारी पैशाचें असूनही त्यांत भाटगिरी नाहीं; आशेच्या मांडीस मांडी लावून उपहासही बसला आहे. घरांत वीस वर्षांचें कोणी असेल तर हें अवश्य लावावें, आणि मग तेच प्रश्न त्यास विचारावेत. दुसरें, नॉर्मन मॅक्लेरन यांचें 'नेबर्स' (१९५२) : आठ मिनिटें, संवाद नाहीं, दोन घरांच्या सीमेवर उगवलेल्या एका फुलाचें भांडण. जिवंत माणसें बाहुल्यांप्रमाणें हलविण्याची युक्ति प्रथम हंसविते, मग धाक घालते. शेवट क्रूर आहे; लहानांस दाखविण्यापूर्वीं वडिलांनीं पाहावें.

एक चित्र आवडलें, कीं त्याच दिग्दर्शकाचें दुसरें शोधावें. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधील विद्यार्थ्यांचीं चित्रें, मुंबईंत १९९० पासून भरणाऱ्या लघुपट-माहितीपट महोत्सवाच्या याद्या, यांवर नजर ठेवावी. मराठी मासिकांनींही कवितासंग्रहास देतात तेवढी, निदान अर्धें पान तरी, जागा लघुपटाच्या परीक्षणास दर महिन्यास द्यावी. ज्याच्याजवळ जाहिरातीचा पैसा नाहीं, अशा तरुणाचें पहिलें चित्र पाहिलें जातें कीं बुडतें, हें पुष्कळदां दहा-वीस माणसांच्या शब्दावर अवलंबून असतें. तो शब्द देण्याचें काम आम्हीं यंत्रावर सोंपविलें, तर उद्यां मराठींत चांगला लघुपट निघत नाहीं अशी तक्रार करण्याचा अधिकार आम्हांस उरणार नाहीं.