दफ्तराला वेगळी खोली हवी का?

निमगाव सावासारख्या गावातही आता वह्यांची जागा संगणकाने घेतली आहे. पतसंस्था, खतांचे दुकान, दवाखाना, शाळेचे कार्यालय, मशिदीच्या ट्रस्टचा हिशेब, सगळीकडे नोंदी पडद्यावर आल्या. खरेदीच्या वेळी कारभारी मंडळी हमखास विचारतात: नोंदींच्या साठ्यासाठी, म्हणजे डेटाबेससाठी, वेगळा सर्व्हर घ्यावा, की आहे त्याच यंत्रावर भागवावे?

सामाईक विहिरीचे उदाहरण घेऊ. पाळी ठरलेली असते तोवर सर्व भाऊबंदांचे भागते. पण कांद्याच्या लागणीत सगळ्यांनाच एकदम पाणी हवे असते. सर्व्हरचेही तसेच. हिशेब, सामाईक फायली, छपाई, कॅमेऱ्यांचे चित्रण असे सारे एकाच यंत्रावर लादले की मेमरी आणि डिस्कची ओढाताण होते. डेटाबेस वारंवार लागणाऱ्या नोंदी मेमरीत धरून ठेवतो. तिथे जागा मिळाली नाही तर त्याला दर वेळी डिस्ककडे धावावे लागते आणि खिडकीपुढचा माणूस ताटकळतो.

यंत्र मोठे घेतले म्हणजे काम झाले, असेही नाही. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस हे दोन्ही डेटाबेस स्वतःच्या साठ्यासाठी मुळात 128 एमबी मेमरी धरून चालतात. वेगळ्या सर्व्हरवर मायएसक्यूएलला 80 टक्क्यांपर्यंत, तर पोस्टग्रेसला सुरुवातीस 25 टक्के मेमरी द्यावी, असे त्यांच्या मार्गदर्शिका सांगतात. हा बदल केला नाही तर पैसा पडून राहतो. एसक्यूएल सर्व्हरचे उलटे आहे. कमाल मर्यादा घातली नाही तर तो मेमरी घेतच जातो. सामाईक यंत्रावर ती मर्यादा घालावीच. त्याची 2022 ची फुकट एक्सप्रेस आवृत्ती मात्र साठ्यासाठी 1410 एमबीपेक्षा जास्त मेमरी वापरत नाही आणि एक डेटाबेस 10 जीबीपुढे जाऊ देत नाही. तिच्यासाठी महागडे यंत्र कशाला?

विकास सोसायट्यांचा मार्ग निराळा आहे. केंद्र सरकारने जून 2022 मध्ये सुमारे 63,000 प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली. त्यासाठी 2,516 कोटी रुपये ठरले. तिथे प्रणाली एकच आणि नोंदी दूरच्या सामाईक सर्व्हरवर. देखभालीचा भार गावावर पडत नाही, पण इंटरनेट गेले की काम अडते. मुदतीत पीककर्ज फेडणाऱ्याला व्याजात सवलत मिळते; शेवटच्या दिवशी भरणा नोंदवता आला नाही तर ती सवलतच धोक्यात येते. म्हणून अशा ठिकाणी आधी इंटरनेटची दुसरी जोडणी घ्यावी.

मग आपण काय करावे? चार-पाच माणसे आणि एकच प्रणाली असेल तर सामाईक यंत्र पुरते. मात्र कॅमेऱ्यांचे चित्रण दुसरीकडे न्यावे, एसएसडी डिस्क घ्यावी आणि खिडकीवरचाच संगणक सर्व्हर करू नये. तो कोणीतरी संध्याकाळी बंद करतो, कोणीतरी त्याला पेनड्राइव्ह लावतो. खिडक्या वाढल्या, शाखा निघाली किंवा लोकांच्या ठेवी सांभाळायच्या असतील तर वेगळा सर्व्हर घ्यावा.

दोन्हींत एक गोष्ट सारखीच. वीज अचानक गेली तर नोंद अर्धवट राहू नये म्हणून यूपीएस हवा. रोजची प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवावी. दोन डिस्कवर एकच मजकूर ठेवणे ही वेगळी प्रत नव्हे. चुकून पुसलेली नोंद दोन्हींवरून पुसली जाते. महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी, कारण न उघडणारी प्रत असून नसल्यासारखी.

दफ्तर, जमा, खर्च हे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले आणि गावाच्या कारभारात मुरले. अमानत हाही तसाच एक शब्द. पैसे संस्थेचे असले तरी नोंद ही सभासदाची अमानत असते. बजेट आखताना यूपीएस आणि प्रतीचा खर्च आधी लिहावा, मग उरलेल्या रकमेत यंत्र निवडावे.