तापीच्या खालच्या टोकाचा खानदेश

शालेय इतिहासात सुरत दोनदा येते आणि दोन्ही वेळा लुटली जाते: जानेवारी १६६४ आणि ऑक्टोबर १६७०. सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला, व्यापारी वीरजी व्होराची पेढी खणून काढली गेली, एवढं बहुतेकांच्या लक्षात राहतं. त्यानंतर सुरत मराठी बोलण्यातून जी गायब होते ती जून २०२२मध्येच पुन्हा उगवते, महाराष्ट्रातले बंडखोर आमदार रातोरात तिथल्या एका हॉटेलात उतरले तेव्हा. मधल्या साडेतीनशे वर्षांत मराठी माणूस तिकडे फिरकलाच नाही, असं कुणाला वाटलं तर त्याचा दोष नाही.

प्रत्यक्षात तो लाखोंनी गेला आणि तिथलाच झाला. सुरतेच्या आग्नेयेला, मुंबई-अहमदाबाद लोहमार्गाच्या पलीकडे लिंबायत आहे. नीलगिरी, गोडादरा, डिंडोली, परवत पाटिया या सगळ्या पट्ट्यात जळगाव, धुळे, नंदुरबारची, म्हणजे खानदेशातली माणसं राहतात. रस्त्यावर मराठीपेक्षा अहिराणी जास्त कानी पडते. श्रावणात कानबाईची स्थापना होते, रोट भाजले जातात, वाजतगाजत विसर्जन होतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणींनी भुसावळकडच्या गाड्या भरून जातात. ‘सुरतचं जेवण आणि काशीचं मरण’ अशी गुजरातीत म्हण आहे. लिंबायतेत त्या जेवणाच्या ताटात शेवभाजी आणि कळण्याची भाकरी असते. अर्थात वस्ती एकट्या खानदेशींची नाही. तेलुगू पद्मशाली आहेत, ओडिया आहेत, उत्तर प्रदेश-बिहारचे आहेत, मोठे मुस्लिम मोहल्ले आहेत. मूळ सुरती माणूस इथे शोधावा लागतो.

पण मूळ सुरती म्हणजे तरी कोण? हे शहर बाहेरून आलेल्यांनीच उभं केलं. इंग्रजांची हिंदुस्थानातली पहिली महत्त्वाची वखार इथे निघाली, डच आले, आर्मेनियन आले. त्यांच्या घुमटदार कबरी आजही शहरात उभ्या आहेत. आफ्रिकेतून आलेले सिद्दीही आले. जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातल्या एका वारसाने १७९१मध्ये पेशव्यांशी झालेल्या तहानंतर जंजिऱ्याचा हक्क सोडला आणि सुरतेजवळचं सचिन संस्थान घेतलं. त्या सचिनमध्ये आता औद्योगिक वसाहत आहे आणि तिथल्या कारखान्यांत पाळीला जाणाऱ्यांत खानदेशी पोरं असतात. शिवाजी महाराजांना आयुष्यभर दाद न देणाऱ्या जंजिऱ्याच्या वारसांची ही जहागीर होती, हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल?

मुंबई वाढली तशी सुरत खंगली. तापीचं मुख गाळाने भरलं, १८३७च्या आगीने आणि पुराने उरलंसुरलं नेलं, आणि एकेकाळच्या मोगल साम्राज्याच्या या मुख्य बंदराची लोकसंख्या एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लाखाच्याही खाली आली. शहरं मात्र चिवट असतात. सुरतेचं बंदर गेलं, जरीकाम आणि विणकाम राहिलं. पुढे हिरे आले, कृत्रिम धाग्याचं कापड आलं. २००१ला महापालिका हद्दीत साडेचोवीस लाखांच्या आत असलेली वस्ती २०११ला पावणेपंचेचाळीस लाखांच्या जवळ गेली. त्यात हद्दवाढीचा वाटा आहेच. पण २०११च्याच जनगणनेत शहरात हजार पुरुषांमागे साडेसातशेच्या आसपास स्त्रिया भरल्या. घरदार गावी ठेवून आलेल्या पुरुषांचं हे शहर आहे, हे त्या आकड्यात दिसतं.

खानदेशी माणूस सुरतेलाच का गेला, याचं उत्तर नकाशात आहे. तापी मुलताईला उगम पावते, खानदेशातून वाहते आणि सुरतेजवळ समुद्राला मिळते. तिच्या खोऱ्यातून १९००च्या सुमारास ताप्ती व्हॅली रेल्वे धावू लागली, ती मुख्यतः शेतमालासाठी, त्यातही कापसासाठी. अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, मग नवापूर. नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. पुढचं सोनगड म्हणजे पिलाजीराव गायकवाडांचा किल्ला, गुजरातेतल्या मराठी सत्तेचं एक आद्य ठाणं. नंदुरबारच्या माणसाला पुण्यापेक्षा सुरत जवळ पडते, आणि मुंबईपेक्षा खोली स्वस्त मिळते.

नुसतं जवळ असणं मात्र पुरेसं कारण नव्हे. कापूस पिकवणाऱ्या या मुलखात कापडही निघत होतं. अमळनेरला १९०६मध्ये प्रताप मिल उभी राहिली, धुळ्याला न्यू प्रताप मिल होती, जळगावला खानदेश मिल होती. या गिरण्यांचे भोंगे थांबले आणि त्यांच्या जागी खानदेशात तोलामोलाचं काही उभं राहिलं नाही. जळगावात गिरणीच्या जागेवर मॉल आला. इकडे पाऊस बेभरवशाचा, शेतीचे तुकडे पडलेले. कापूस उत्पादकाचा मुलगा गाडीत बसला आणि सुरतेत पॉलिस्टर विणू लागला. ज्याच्या बापाच्या कापसाला कृत्रिम धाग्याने मागे रेटलं, तोच त्या धाग्याच्या यंत्रावर उभा. महाराष्ट्रातल्या कुठल्याही सरकारला याची लाज वाटल्याचं दिसलेलं नाही.

काम कसलं, तेही पाहावं. लूमवर बारा तासांची पाळी, मजुरी मीटरवर. डाइंग मिलमध्ये वाफ आणि रसायन. रिंग रोडच्या कापड मार्केटात पाठीवरून गठ्ठे वाहणं. बायका घरी बसून साड्यांना लेस लावतात, टिकल्या चिकटवतात, मजुरी नगावर. बहुतेकांकडे नेमणुकीचा कागद नाही, ओळखपत्र नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी दक्षिण गुजरातेतल्या मजुरांवर साठच्या दशकापासून लिहिलं आहे, आणि त्यांच्या लेखनातलं चित्र आजही जुनं वाटत नाही. २०२०च्या टाळेबंदीत सुरतेतले मजूर घरी जाऊ द्या म्हणत रस्त्यावर उतरले, तेव्हा देशाला या शहराची ती बाजू काही आठवडे दिसली.

आता राजकारण. एकगठ्ठा वस्तीला मान मिळतो, तसा लिंबायतेला मिळाला. २००८च्या फेररचनेत हा स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ झाला. २०१२, २०१७ आणि २०२२ या तिन्ही निवडणुका भाजपच्या संगीता पाटील यांनी जिंकल्या. २०२२ला इथे ४४ उमेदवार उभे होते. लिंबायत ज्या नवसारी लोकसभेत मोडते तिथून जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील २००९पासून निवडून येतात. २०१९ला त्यांचं सुमारे ६ लाख ८९ हजारांचं मताधिक्य देशात सर्वाधिक होतं. पुढे ते गुजरात भाजपचे अध्यक्ष झाले आणि २०२४ला केंद्रात जलशक्तिमंत्री. परप्रांतातल्या मराठी माणसाला एवढं राजकीय यश क्वचितच कुठे मिळालं असेल, आणि ते मिळालं परप्रांतीयांविरुद्ध आरोळ्या न ठोकणाऱ्या शहरात. मुंबईतल्या काही पक्षांनी याचा अभ्यास करायला हरकत नाही.

तरीही या यशाचा पाझर गल्लीत किती उतरला? लिंबायतेतून मीठी खाडी वाहते. नाव गोड, पण जोराचा पाऊस आला की तिचं पाणी घरांत शिरतं, गरनाळं, म्हणजे रेल्वेखालचा भुयारी रस्ता, तुंबतं आणि वस्ती शहरापासून तुटते. जून २०२५मध्येही सुरतेत खाड्यांचा पूर आला. देशाचं पाणीखातं ज्यांच्याकडे आहे त्यांच्याच मतदारसंघात हे घडावं, हा योगायोग बोचरा आहे. हेच शहर सप्टेंबर १९९४च्या प्लेगनंतर आयुक्त एस. आर. राव यांच्या काळात दोनेक वर्षांत असं स्वच्छ झालं की देशभर नाव निघालं, आणि २०२३च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरबरोबर पहिलं आलं. म्हणजे मनात आलं की सुरत महापालिकेला जमतं.

या महापालिकेचं एक श्रेय निखालस द्यायला हवं: ती सात भाषांत प्राथमिक शाळा चालवते, त्यांत मराठी आहे. मुंबईत महापालिकेच्या मराठी शाळा एकामागून एक बंद पडत असताना गुजरातेतलं शहर कामगारांच्या पोरांना मराठीतून शिकवतं. भाषेच्या नावाने रस्त्यावर उतरणाऱ्यांपैकी कुणी या शाळांना पुस्तकांची एखादी पेटी पाठवली तर बिघडणार नाही.

मार्च २०२३मध्ये केंद्राने सात मोठी वस्त्रोद्योग पार्कं जाहीर केली. गुजरातचं नवसारीजवळ वांसी-बोरसीला, महाराष्ट्राचं अमरावतीला. विदर्भाला ते मिळालं याबद्दल तक्रार नाही. पण पांढऱ्या सोन्याचा मुलूख म्हणून मिरवणाऱ्या खानदेशासाठी महाराष्ट्र सरकारने वेगळं काय मागितलं, हे जळगाव, धुळे, नंदुरबारच्या आमदारांनी विधानसभेत विचारायला हवं. तोवर नंदुरबारच्या पोराला अमरावतीपेक्षा वांसी-बोरसी कितीतरी जवळ आहे, आणि लिंबायतेत त्याच्या गावच्या कुणाची तरी खोली आहेच.